केसगळतीवरच्या पोटात घ्यायच्या गोळ्या: निदानापासून औषध थांबवण्यापर्यंत

केस डोक्यावरचे असले, तरी त्यांच्यासाठी घेतलेली गोळी डोक्यापुरती राहत नाही. ती पोटात विरघळून रक्तात मिसळते आणि केसांच्या मुळांबरोबरच हृदय, यकृत, मूत्रपिंड, प्रोस्टेट ग्रंथी अशा अनेक अवयवांपर्यंत पोहोचते. टाळूला रोज द्रावण चोळत बसण्यापेक्षा एक गोळी गिळणे सोपे वाटते, आणि ते सोपे आहेही. परंतु याच सोयीमुळे ही गोळी एखाद्या जीवनसत्त्वासारखी निरुपद्रवी आहे असा समज होतो. प्रत्यक्षात या कामासाठी वापरली जाणारी बहुतेक परिणामकारक औषधे मुळात दुसऱ्याच आजारांसाठी तयार झाली. कोणते प्रोस्टेटच्या वाढीसाठी, कोणते रक्तदाबासाठी, तर कोणते संधिवातासाठी. त्यामुळे डॉक्टरांची चिठ्ठी ही केवळ दुकानात दाखवण्याची औपचारिकता नाही. आपल्या शरीरात या औषधाला अडचण ठरेल असे काही आहे का, हे पाहण्याची ती एक ठरलेली वेळ आहे, आणि तिचा पुरेपूर उपयोग करून घेतला पाहिजे.

आधी निदान, मग गोळी

केस गळणे हे लक्षण आहे, आजाराचे नाव नव्हे. दिवसाला साधारण ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक असते, म्हणून कंगव्यात केस दिसले एवढ्यावरून काहीच ठरत नाही. कोणत्या जागचे केस, किती दिवसांपासून आणि कशा रीतीने कमी होत आहेत, यावरून कारण ओळखले जाते आणि औषध त्या कारणानुसार पूर्णपणे बदलते.

सर्वांत जास्त आढळणारा प्रकार आनुवंशिक आहे. पुरुषांमध्ये कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांवरून केस मागे सरकतात आणि माथ्यावर विरळ जागा तयार होते. स्त्रियांमध्ये पुढची रेषा बहुधा टिकून राहते, पण भांग रुंदावत जातो. हे सावकाश, वर्षानुवर्षे घडते. याउलट मोठा ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण किंवा झपाट्याने वजन उतरवणे यांनंतर दोन-तीन महिन्यांनी अचानक मूठभर केस हातात येऊ लागतात. शरीरावर ताण आला की पुष्कळ केस एकदमच विश्रांतीच्या अवस्थेत जातात, आणि ही अवस्था सुमारे तीन महिन्यांची असल्यामुळे ते सगळे एकाच वेळी गळतात. मूळ कारण दूर झाले की ही गळती साधारण सहा महिन्यांत आपोआप ओसरते. अशा वेळी कोणी कोणतीही गोळी सुरू केली, तरी तिचा गुण आल्यासारखा वाटतो. केसगळतीवरच्या कित्येक ‘रामबाण’ उपायांची ख्याती या योगायोगावरच उभी आहे, असे माझे मत आहे.

चाई पडते तेव्हा नाण्याएवढ्या गुळगुळीत चकत्या दिसतात. तो रोगप्रतिकारक शक्तीच्या बिघाडाचा प्रकार असून त्याची औषधे वेगळी आहेत. लहान मुलाच्या डोक्यावर खपल्या आणि तुटके केस दिसत असतील, तर तो नायटा असू शकतो आणि त्याला बुरशीविरोधी गोळ्याच लागतात. टाळू जळजळत किंवा दुखत असेल, कातडी चकचकीत होऊन केसांची छिद्रेच दिसेनाशी झाली असतील, तर वण पाडणारी केसगळती असण्याची शक्यता असते. तेथे गेलेले केस परत येत नाहीत, म्हणून अशा रुग्णाने महिनाभर वाट पाहणेही योग्य नाही. याखेरीज रक्त गोठू न देणारी, अपस्मारावरची आणि मुरुमांसाठी दिली जाणारी अ जीवनसत्त्वाच्या कुळातली काही औषधेही केस गाळतात, हे लक्षात ठेवावे.

डॉक्टर बहुधा हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइडच्या तपासण्या सांगतात. स्त्रीची पाळी अनियमित असेल किंवा चेहऱ्यावर लव वाढली असेल, तर हॉर्मोनच्या तपासण्यांचीही गरज पडते. येथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: केसांसाठी म्हणून सर्रास घेतल्या जाणाऱ्या बायोटिन या ब जीवनसत्त्वाच्या जास्त मात्रेमुळे थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या निदानासाठी केल्या जाणाऱ्या ट्रोपोनिनच्या तपासणीचे आकडे चुकू शकतात. रक्त देण्याआधी बायोटिन घेत असल्याचे अवश्य सांगावे आणि ते किती दिवस बंद ठेवायचे हे विचारावे.

डॉक्टरांसमोर काय मांडावे

त्वचारोगतज्ज्ञाकडे जाणे सर्वांत चांगले. व्हिडिओवरून घेतलेला सल्लाही निरुपयोगी नसतो, विशेषतः गळतीचा प्रकार ठळक असेल आणि छायाचित्रे स्पष्ट असतील तर. परंतु चार-पाच प्रश्नांवर खुणा करून घेऊन लगेच औषध घरी पाठवणाऱ्या सेवेला सल्ला म्हणता येत नाही. ज्याने चिठ्ठी लिहिली त्याचे नाव, पात्रता आणि त्रास झाल्यास त्याच्याशी संपर्क साधण्याची सोय या तीन गोष्टी रुग्णाजवळ असल्याच पाहिजेत.

जाताना सध्या चालू असलेल्या सर्व औषधांची यादी कागदावर लिहून न्यावी. तीत पूरके, काढे, व्यायामशाळेत घेतली जाणारी पावडर आणि टाळूला लावायची द्रावणेही असावीत. हृदयविकार, कमी रक्तदाब, मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार, रक्ताची गुठळी, क्षयरोग, कर्करोग यांपैकी काही पूर्वी झाले असेल, तर ते न विचारताही सांगावे. गर्भधारणेचा विचार असेल, तर तोही सांगावा, आणि हे पुरुषांनाही लागू आहे.

दोन गोष्टी सांगताना संकोच वाटतो आणि नेमक्या त्याच मागे राहतात: कामजीवनातल्या अडचणी आणि मनाची अवस्था. कामेच्छा आधीच मंद असेल, पूर्वी नैराश्य आले असेल किंवा जीव नकोसा वाटला असेल, तर ते औषध सुरू होण्याआधी डॉक्टरांच्या नोंदीत यायला हवे. त्यामुळे औषधाची निवड बदलू शकते, आणि पुढे काही त्रास जाणवलाच, तर तो नवा आहे की जुना, हे सांगता येते. ही नोंद नसेल, तर सहा महिन्यांनी डॉक्टर आणि रुग्ण दोघेही अंदाजच बांधत बसतात.

उठण्यापूर्वी डॉक्टरांना नेमके विचारावे: निदान काय झाले, हे औषध केसगळतीसाठी अधिकृतपणे मान्य आहे की डॉक्टर स्वतःच्या अनुभवावर ते देत आहेत, गुण आला की नाही हे केव्हा आणि कशावरून ठरवायचे, आणि कोणते लक्षण दिसताच गोळी थांबवायची. मान्यतेबाहेरचा वापर म्हणजे बेकायदा वापर नव्हे. त्वचारोगात तो नेहमीचा आहे. मात्र अशा वेळी औषधाबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकात आपल्या उपयोगाचा आणि आपल्या मात्रेचा उल्लेख नसतो, म्हणून ती डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावी.

फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड

पुरुषांच्या आनुवंशिक टकलावर सर्वाधिक अभ्यासलेली गोळी म्हणजे फिनास्टेराइड. तिची कथा १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणाशी जोडलेली आहे. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांतील मुलग्यांमध्ये पाच-अल्फा रिडक्टेज हे विकर (एन्झाइम) जन्मतःच कमी होते. हे विकर टेस्टोस्टेरॉनचे डीएचटी नावाच्या अधिक तीव्र हॉर्मोनमध्ये रूपांतर करते. ही मुले मोठी झाली तेव्हा त्यांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राहिली आणि त्यांच्या कपाळावरचे केसही मागे सरकले नाहीत. याच विकराला अडवणारे औषध म्हणजे फिनास्टेराइड. अमेरिकेत १९९२ मध्ये ५ मिलिग्रॅमची गोळी प्रोस्टेटच्या वाढीसाठी आणि १९९७ मध्ये १ मिलिग्रॅमची गोळी पुरुषांच्या टकलासाठी मान्य झाली.

मात्रा दिवसाला १ मिलिग्रॅम, जेवणाआधी किंवा नंतर, पण शक्यतो रोज ठरलेल्या वेळी. जास्त घेतल्याने जास्त केस येतात, हा समज खोडून काढण्यासारखा आहे: ०.२ मिलिग्रॅमनेही रक्तातले डीएचटी जवळजवळ तितकेच उतरते जितके ५ मिलिग्रॅमने उतरते, म्हणजे सुमारे दोन-तृतीयांशाहून थोडे अधिक. एखादा दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या घेऊ नयेत; नेहमीची एकच घ्यावी. डॉक्टरांनी ५ मिलिग्रॅमची गोळी तोडून घ्यायला सांगितली असेल, तर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या गोळी कापण्याच्या डबीचा वापर करावा आणि तुकडे झाकणबंद डबीत ठेवावेत. तुटलेल्या किंवा चुरा झालेल्या गोळीला गर्भवती किंवा गर्भवती असण्याची शक्यता असलेल्या स्त्रीने हात लावू नये, कारण पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीवर तिचा परिणाम होऊ शकतो. अखंड गोळीवर लेप असल्यामुळे ती हाताळण्यात हा धोका नसतो. घरात अशी स्त्री असेल, तर तोडण्याच्या भानगडीत न पडता १ मिलिग्रॅमचीच गोळी मागावी.

या औषधाचे मुख्य काम आहेत ते केस टिकवण्याचे आहे. माथ्यावरच्या केसांच्या मोजणीवर आधारलेल्या चाचण्यांत दोन वर्षांनंतर औषध घेणाऱ्यांपैकी ८३ टक्के पुरुषांचे केस आणखी कमी झाले नव्हते, तर औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण २८ टक्के होते. काही जणांना नवे केस दिसतात, विशेषतः माथ्यावर. परंतु वीस वर्षांपूर्वीची कपाळाची रेषा परत येईल या अपेक्षेने सुरुवात करणाऱ्याची निराशा ठरलेली आहे.

आता दुष्परिणामांविषयी. चाचण्यांच्या पहिल्या वर्षात कामेच्छा घटणे, ताठरतेत अडचण किंवा वीर्याचे प्रमाण कमी होणे यांपैकी काही ना काही ३.८ टक्के पुरुषांनी सांगितले. औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत २.१ टक्क्यांनी. बहुतेकांत हा त्रास औषध थांबवल्यावर, कित्येकांत ते चालू असतानाच गेला. मात्र औषध बाजारात आल्यानंतर, ते बंद करूनही त्रास टिकून राहिल्याच्या तक्रारी नोंदल्या गेल्या आणि अमेरिकेतल्या माहितीपत्रकात त्यांचा समावेश झाला. नैराश्याचा उल्लेखही तेथे आहे, आणि २०२५ मध्ये युरोपीय औषध संस्थेच्या सुरक्षा समितीने आत्महत्येचे विचार हा फिनास्टेराइडच्या गोळ्यांचा दुष्परिणाम म्हणून निश्चित केला. हे वाचून घाबरून जाण्याचे कारण नाही, तसे ते हसण्यावारी नेण्याचेही नाही. मला योग्य वाटतो तो मार्ग असा, की गोळी सुरू करताना घरातल्या किंवा जवळच्या एका व्यक्तीला तसे सांगून ठेवावे आणि आपल्या वागण्यात, झोपेत, बोलण्यात फरक दिसला तर सांगण्याची विनंती करावी. खचत चाललेल्या माणसाला आपण खचत आहोत हे अनेकदा सर्वांत शेवटी कळते. मन उदास राहू लागले, तर केसांसाठीची गोळी त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांशी बोलावे, आणि जीव देण्याचे विचार मनात आले, तर डॉक्टरांच्या पुढच्या वेळेची वाट न पाहता तातडीची मदत घ्यावी. छातीत गाठ, दुखरेपणा किंवा स्तनाग्रातून स्राव दिसल्यासही तपासून घेणे आवश्यक आहे.

पन्नाशीच्या आसपासच्या पुरुषांसाठी आणखी एक सूचना आहे, आणि ती विसरली जाते. प्रोस्टेटच्या कर्करोगाचा संशय तपासण्यासाठी केली जाणारी पीएसए ही रक्ततपासणी या औषधामुळे साधारण निम्मा आकडा दाखवते. औषध घेत असल्याचे सांगितले नाही, तर चिंतेचा आकडाही सामान्य वाटून जाईल. म्हणून सुरू करण्यापूर्वी एकदा पीएसए करून घ्यावे का, हे विचारावे, आणि नंतरच्या प्रत्येक तपासणीच्या कागदावर औषधाचे नाव लिहायला लावावे.

ड्युटास्टेराइड हे याच कुळातले अधिक जोरकस औषध. ते या विकराचे दोन्ही प्रकार अडवते आणि डीएचटी ९० टक्क्यांहून अधिक उतरवते. ०.५ मिलिग्रॅमची ही कॅप्सूल दक्षिण कोरियात २००९ मध्ये आणि जपानमध्ये २०१५ मध्ये टकलासाठी मान्य झाली. अमेरिकेत ती केवळ प्रोस्टेटसाठी मान्य आहे. रक्तात तिचे प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे पाच आठवडे लागतात, म्हणजे त्रास झाला म्हणून आज थांबवली, तरी शरीर तिच्यापासून मोकळे व्हायला काही महिने जातात. फिनास्टेराइडचे अर्धे प्रमाण काही तासांत उतरते. केवळ या एका फरकामुळे, पहिल्यांदाच औषध घेणाऱ्याने ड्युटास्टेराइडपासून सुरुवात करू नये, असे मला वाटते. कॅप्सूल चावू नये, कारण आतल्या द्रवाने तोंड आणि घसा चुरचुरतो, आणि गळकी कॅप्सूल स्त्रियांनी व मुलांनी हाताळू नये. अनेक रक्तपेढ्या फिनास्टेराइड थांबवल्यानंतर एक महिना आणि ड्युटास्टेराइडनंतर सहा महिने रक्त घेत नाहीत. ते रक्त एखाद्या गर्भवतीला चढवले जाऊ शकते, हे त्यामागचे कारण आहे.

दोन्ही औषधांनी काही पुरुषांत शुक्राणूंची संख्या घटते आणि औषध थांबवल्यावर ती सुधारते. मूल होण्यास विलंब होत असेल, तर ही शक्यता डॉक्टरांसमोर ठेवावी.

मिनॉक्सिडिलची गोळी

मिनॉक्सिडिलची गोळी अमेरिकेत १९७९ मध्ये तीव्र उच्च रक्तदाबासाठी मान्य झाली. ती घेणाऱ्यांच्या अंगावर, चेहऱ्यावर लव वाढू लागली, तेव्हा त्या दुष्परिणामातून टाळूला लावायचे द्रावण जन्माला आले. आता चक्र उलटे फिरून पुन्हा गोळी आली आहे, पण फार कमी मात्रेत: स्त्रियांना साधारण ०.२५ ते १.२५ मिलिग्रॅम आणि पुरुषांना २.५ ते ५ मिलिग्रॅम. केसांसाठीचा हा वापर मान्यतेबाहेरचा आहे. रक्तदाबासाठी यापेक्षा कितीतरी मोठ्या मात्रा लागतात. दुकानातून १० मिलिग्रॅमची गोळी हाती आली आणि ती तशीच गिळली, तर काय होईल याचा विचार करावा. चिठ्ठीवरचा दशांश चिन्हाचा ठिपका डोळ्यांत तेल घालून वाचावा, आणि हातातल्या पाकिटावरचा आकडा त्याच्याशी ताडून पाहावा.

हे औषध रक्तवाहिन्या रुंद करते. त्यामुळे उभे राहताना गरगरणे, छातीत धडधड, डोकेदुखी, पायांवर किंवा डोळ्यांभोवती सूज असे त्रास संभवतात. १,४०४ रुग्णांच्या २०२१ मधल्या एका मोठ्या पाहणीत सुमारे १५ टक्क्यांना नको तेथे केस वाढण्याचा त्रास झाला, तर गरगरणे, सूज आणि धडधड यांचे प्रमाण प्रत्येकी दोन टक्क्यांच्या आत होते. हृदयाचा आजार असलेल्यांनी किंवा रक्तदाबाची इतर औषधे घेणाऱ्यांनी आपल्या हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय ही गोळी सुरू करू नये, आणि फिओक्रोमोसायटोमा या अधिवृक्क (मूत्रपिंडावरच्या) ग्रंथीच्या गाठीत ती वर्ज्य आहे.

सुरू करण्यापूर्वी आठवडाभर रक्तदाब, नाडी आणि वजन लिहून ठेवावे आणि पहिला महिनाभर ते चालू ठेवावे. वजन काही दिवसांतच एक-दोन किलोने वाढले, बूट घट्ट होऊ लागले किंवा विश्रांतीतही नाडी नेहमीपेक्षा प्रति मिनिट २० ने जास्त लागू लागली, तर डॉक्टरांना कळवावे. छातीत दुखणे, धाप लागणे किंवा भोवळ येऊन पडणे ही औषध थांबवून तातडीने दवाखाना गाठण्याची लक्षणे आहेत. पहिल्या दोन महिन्यांत केस उलट जास्त गळतात, तेव्हा पुष्कळ जण घाबरून औषध सोडतात. पण जुने केस ढकलून नवे वाढीला लागण्याची ती खूण असते आणि काही आठवड्यांत ती ओसरते. घरात मांजर असेल, तर गोळ्या आणि द्रावण दोन्ही तिच्यापासून दूर ठेवावे. मिनॉक्सिडिल मांजरांना जीवघेणे ठरू शकते.

स्त्रियांसाठी

गर्भधारणेच्या वयातल्या स्त्रियांनी फिनास्टेराइड व ड्युटास्टेराइड घेऊ नये, हा सर्वसाधारण नियम आहे. पाळी थांबलेल्या स्त्रियांना काही डॉक्टर ते देतात. मात्र अशाच स्त्रियांवर १ मिलिग्रॅमची वर्षभर झालेली चाचणी उपयोग दाखवू शकली नव्हती. एकूणच स्त्रियांसाठी मिनॉक्सिडिलची अल्प मात्रा आणि स्पायरोनोलॅक्टोन हे पर्याय अधिक वापरले जातात.

स्पायरोनोलॅक्टोन हे मुळात लघवी वाढवणारे औषध असून ते पुरुषी हॉर्मोनांचा परिणाम अडवते. म्हणूनच पुरुषांना ते केसांसाठी दिले जात नाही. मात्रा साधारण २५ मिलिग्रॅमपासून सुरू होऊन हळूहळू १०० ते २०० पर्यंत जाते. ते शरीरातले पोटॅशियम धरून ठेवते. मूत्रपिंडाचा आजार असेल, रक्तदाबासाठी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ असा शेवट असलेल्या नावाची गोळी चालू असेल, लघवीच्या संसर्गासाठी ट्रायमेथोप्रिम दिले असेल किंवा कमी सोडियमचे, म्हणजे पोटॅशियमयुक्त मीठ जेवणात असेल, तर पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत चढू शकते. अशांना रक्ततपासणी टाळता येत नाही. पाळी अनियमित होणे, स्तन दुखणे, वारंवार लघवीला जावे लागणे हे नेहमीचे त्रास. पोटातल्या मुलग्याच्या वाढीला धोका असल्यामुळे विश्वासार्ह गर्भनिरोधन सोबत हवे. स्पर्धात्मक क्रीडाप्रकारांत भाग घेणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की लघवी वाढवणारी औषधे उत्तेजकविरोधी नियमांत निषिद्ध आहेत.

चाईसाठीच्या नव्या गोळ्या

मोठ्या प्रमाणावर पसरलेल्या चाईसाठी अमेरिकेत २०२२ मध्ये बॅरिसिटिनिब, २०२३ मध्ये बारा वर्षांवरील रुग्णांसाठी रिटलेसिटिनिब आणि २०२४ मध्ये ड्युरुक्सोलिटिनिब मान्य झाले. ही औषधे रोगप्रतिकारक शक्तीचा एक मार्ग अडवतात. म्हणून त्यांच्यावर गंभीर संसर्ग, रक्ताच्या गुठळ्या, हृदयविकार आणि कर्करोग यांबाबतचा ठळक इशारा छापलेला असतो. सुरू करण्यापूर्वी क्षयरोग आणि कावीळ बी व सी यांची तपासणी, रक्तपेशींची मोजणी, यकृत आणि कोलेस्टेरॉल पाहिले जाते. राहिलेल्या लसी आधी घ्याव्या लागतात, कारण औषध चालू असताना जिवंत विषाणूंची लस घेता येत नाही. या गोळ्या आनुवंशिक टकलासाठी नाहीत. तापाची कणकण, नागिणीचे फोड, एका पायाची दुखरी सूज यांपैकी काही दिसले, तर ‘बघू दोन दिवस’ असे म्हणू नये.

औषध विकत घेताना

चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव, मात्रा, दिवसातून किती वेळा आणि किती दिवसांसाठी हे स्पष्ट असावे. जेनेरिक औषध घ्यायला हरकत नाही. घटक आणि मात्रा तीच असते. मात्र दर वेळी निराळ्या कंपनीचे पाकीट आले, तर गोळीचा आकार-रंग बदलतो आणि चूक होण्याचा संभव वाढतो, म्हणून पाकिटावरचे मूळ नाव दर वेळी वाचावे. पाकीट बंद असावे, त्यावर बॅच क्रमांक, उत्पादकाचे नाव आणि मुदत असावी, आणि पावती घ्यावी. चिठ्ठी न मागता औषध पाठवणारे संकेतस्थळ, सुटी गोळी प्लॅस्टिकच्या पुडीत देणारा विक्रेता आणि ‘केसांसाठी खास’ म्हणून घटकांची नावे न छापलेली कॅप्सूल, या तिन्हींपासून दूर राहावे. मित्राला लागू पडली म्हणून त्याच्या पाकिटातली गोळी घेणे तर त्याहून वाईट, कारण मित्राचा रक्तदाब आणि मूत्रपिंड आपल्याला उसने मिळत नाही.

एका वेळी एकच नवे औषध सुरू करावे. दोन एकदम सुरू केली आणि पाय सुजले किंवा मन उदास झाले, तर दोष कोणाचा हे कळत नाही. दुसरे जोडायचेच असेल, तर दोन-तीन महिन्यांनी.

वर्षभराची नोंद, आणि थांबवणे

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. त्यामुळे आरशात रोज पाहून काही समजणार नाही. उलट मनःस्थितीनुसार केस दाट किंवा विरळ वाटत राहतात. सुरू करण्याच्या दिवशी कोरड्या केसांची, त्याच खिडकीच्या उजेडात, समोरून, दोन्ही बाजूंनी आणि माथ्यावरून छायाचित्रे काढावीत. दर तीन महिन्यांनी तशीच, केसांची लांबीही शक्यतो तेवढीच ठेवून, पुन्हा काढावीत. फिनास्टेराइड आणि मिनॉक्सिडिल यांना सहा महिने तरी द्यावेत आणि अंतिम मत बारा महिन्यांनी बनवावे. वर्षभरानंतर गळती थांबल्याचेही दिसत नसेल, तर मात्रा वाढवण्याऐवजी निदान पुन्हा तपासण्याचा आग्रह धरावा.

औषध बंद केले, की टिकवलेले केस साधारण सहा महिने ते वर्षभरात जातात आणि गाडी तिच्या मूळ मार्गावर येते. म्हणजे ही गोळी घ्यायला सुरुवात करणे हा काही वर्षांचा निर्णय आहे, आणि तो कधीही मागे घेण्याचा अधिकार रुग्णाला आहे. फिनास्टेराइड हळूहळू कमी करत थांबवण्याची गरज नसते. मिनॉक्सिडिल व स्पायरोनोलॅक्टोन रक्तदाबावर परिणाम करत असल्याने, आणि चाईच्या गोळ्या सोडल्यावर केस पुन्हा जाण्याची शक्यता मोठी असल्याने, त्या थांबवताना डॉक्टरांना विचारावे. गंभीर त्रास झाला असेल तर अर्थातच आधी थांबवावे आणि मग विचारावे.

नैसर्गिकरीत्या टक्कल पडत असलेल्या वडिलांच्या कपाटातल्या गोळ्या अठरा वर्षांच्या आतल्या मुलाने घेतल्याचे कळले, तर त्याला रागावण्याआधी त्याच्यासह डॉक्टरांकडे जावे, कारण या वयात फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड देऊ नये, असे माहितीपत्रकच सांगते. आणि शस्त्रक्रिया ठरली, दात काढायचा असला किंवा दुसऱ्या आजारासाठी नवे डॉक्टर गाठले, की ‘काही औषधे चालू आहेत का’ या प्रश्नाला केसांच्या गोळीचे नावही उत्तरात द्यावे. ती केसांसाठी आहे म्हणून ती सांगायची राहून जाते, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरला नेमकी तीच माहिती हवी असते.